घराची चावी हरवली? घाबरण्याआधी एकच प्रश्न विचारा: त्या चावीला घराचा पत्ता माहीत आहे का?

रात्रीची उशिराची कर्जत लोकल नेरळला थांबते. दिवसभर मुंबईत काम करून आलेला माणूस गर्दीतून वाट काढत बाहेर येतो आणि कळंबकडे जाणाऱ्या शेअर रिक्षात कशीबशी जागा पकडतो. घरापाशी उतरून खिशात हात घालतो, तर चावी नाही. बॅगेत नाही, डब्याच्या पिशवीत नाही, रेनकोटच्या खिशातही नाही. घरचे लग्नासाठी गावाला गेलेत आणि वर पाऊस सुरू आहे.

अशा वेळी डोक्यात दोन विचार एकदम येतात. पहिला, आता घरात शिरायचं कसं? दुसरा जरा उशिरा येतो, पण झोप तोच उडवतो: चावी कुणाला सापडली आणि तो घरी आला तर?

पहिला प्रश्न एका रात्रीचा असतो. दुसऱ्याचं उत्तर नीट दिलं नाही, तर तो महिनोन्‌महिने छळतो. म्हणून आधी दुसराच प्रश्न समजून घेऊ.

चावी धोकादायक कधी होते?

नुसती चावी म्हणजे धातूचा एक तुकडा. नेरळच्या फलाटावर कुणाला एखादी चावी सापडली, तर ती कळंबच्या घराची की कल्याणच्या, हे त्याला कळायला मार्ग नसतो. रायगड आणि ठाणे जिल्ह्यांतली दारं एकेक करून कुणी तपासत बसत नाही.

धोका सुरू होतो तो चावी आणि पत्ता एकत्र गेल्यावर. म्हणून चावी हरवली की तीन गोष्टी आठवायच्या.

पहिली, चावीसोबत आणखी काय गेलं? पाकीट गेलं असेल आणि त्यात आधार कार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स, विजेचं बिल किंवा सोसायटीची पावती असेल, तर चावीला पत्ता मिळाला असं समजा. बऱ्याच जणांना वाटतं की आधारचा नंबर झाकलेली प्रत खिशात ठेवली की झालं. पण त्या प्रतीत नंबरचे पहिले आठ आकडे झाकले जातात, पत्ता नाही.

दुसरी, चावी कुठे हरवली? लोकलमध्ये पडलेली चावी आणि घराच्या गल्लीत पडलेली चावी यांत मोठा फरक आहे. गावात, बाजारात, रोजच्या रिक्षात पडली असेल, तर ती सापडणारा माणूस तुम्हाला ओळखत असण्याची शक्यता जास्त. बहुतेक वेळा हे चांगलंच असतं, कारण चावी परत येते. पण हिशोब करताना ती ‘पत्ता माहीत असलेली चावी’ धरायची.

तिसरी, चावी पडली की कुणी काढून घेतली? बॅगेची चेन उघडी दिसली, पाकीट आणि चावी दोन्ही गायब असतील, तर तो विसराळूपणा नाही, ती चोरी आहे.

तिन्हींची उत्तरं ‘नुसतीच चावी गेली, लांब गेली आणि पडलीच’ अशी असतील, तर रात्रभर जागायची गरज नाही. एकाही उत्तरात पत्ता डोकावत असेल, तर कुलूप बदलायचं. उद्या-परवा नाही, दुकान उघडलं की लगेच.

दाराबाहेर उभं असताना काय करायचं?

आधी शोध, पण ठरवून. आजचा रस्ता उलट्या दिशेने आठवा: रिक्षा, स्टेशन, लोकल, ऑफिस. रिक्षावाल्याचा नंबर असेल तर आधी त्याला फोन. लोकलमध्ये वस्तू राहिली असेल तर रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनवर कळवता येतं. गाडी कुठली, किती वाजताची, डबा इंजिनाकडून कितवा, हे जितकं नेमकं सांगाल तितकं बरं. कर्जतला शेवट होणाऱ्या लोकलचा एक फायदा असा की डबा तिथेच रिकामा होतो.

चावी सापडली नाही, तर खिडकीतून किंवा पत्र्यावरून चढून आत जायचा मोह टाळा. पावसात शेवाळलेल्या कौलांवरून, ओल्या पत्र्यावरून पाय घसरून होणारं नुकसान कुठल्याही कुलपापेक्षा महाग पडतं. रात्र शेजारी काढा आणि सकाळी कुलूपवाल्याला किंवा सुताराला बोलवा.

अपवाद एकच. आत लहान मूल किंवा आजारी माणूस अडकलंय, गॅस चालू राहिलाय, अशा वेळी चावीची वाट बघायची नाही. ११२ वर फोन करा आणि सोबतच जवळचा सुतार किंवा वेल्डर बोलवा. आत मूल असेल तर ते दारामागे नाही ना, याची खात्री करून मगच दार तोडायचं. दार पुन्हा बसवता येतं.

कायद्यात हरवलेल्या चावीचं उदाहरणच दिलंय

अनेकांना वाटतं की घरफोडी म्हणजे काहीतरी फोडलं पाहिजे. चोर चावीने दार उघडून आत गेला, तर पोलीस ‘तोडफोड कुठेय?’ म्हणून केस हलकी करतील, अशी भीती असते.

कायदा तसं म्हणत नाही. १८६० सालच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४४५ मध्ये घरफोडीची व्याख्या आहे आणि तिच्याखाली समजावण्यासाठी काही उदाहरणं दिली आहेत. त्यातलं एक उदाहरण हरवलेल्या चावीचंच आहे: एकाची चावी हरवते, ती दुसऱ्याला सापडते आणि तो त्या चावीने दार उघडून बेकायदा घरात शिरतो. कायदा सांगतो, ही घरफोडीच. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांच्या डोक्यातही हीच काळजी होती.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. आता घरफोडीची व्याख्या कलम ३३० मध्ये आहे आणि कुलूप उघडून आत शिरणं त्यात येतं. शिक्षा कलम ३३१ मध्ये. चोरीच्या इराद्याने दिवसा घरफोडी केली तर १० वर्षांपर्यंत, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी केली तर १४ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

चावी सापडणाऱ्यावरही जबाबदारी असते. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७१ नुसार, सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्याने ती दुसऱ्याने सांभाळायला दिल्यासारखी जपायची असते. ‘सापडली म्हणजे माझी’ हा नियम पोरांच्या खेळात चालतो, कायद्यात नाही.

पोलिसांत जायचं का?

नुसती चावी पडली असेल तर गुन्हा घडलेला नसतो, त्यामुळे एफआयआरचा प्रश्न येत नाही. पण वस्तू हरवल्याची नोंद करता येते, पोलीस ठाण्यात किंवा महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर. चावीसोबत कागदपत्रं गेली असतील तर ही नोंद कराच. पुढे त्या कागदांचा गैरवापर झाला, तर कधी हरवले याचा तो पुरावा असतो.

बॅग चोरीला गेली असेल तर गुन्हा नोंदवण्याचा आग्रह धरा. रेल्वेत चोरी झाली तर तपास लोहमार्ग पोलिसांकडे असतो, कळंब परिसरात झाली तर नेरळ पोलिसांकडे. ‘आमची हद्द नाही’ असं उत्तर मिळालं, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ लक्षात ठेवा. हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात.

आणि घरी आल्यावर कुलूप उघडं किंवा कोयंडा तुटलेला दिसला तर? आत जायचं नाही. चोर आत असू शकतो आणि नसला तरी ठसे पुसले जातात. दाराला हात न लावता बाहेरून फोटो काढा, ११२ ला फोन करा आणि शेजाऱ्यांना बोलवा.

कुलूप बदलायचं म्हणजे नेमकं काय बदलायचं?

इथे बरेच पैसे वाचू शकतात.

आपल्याकडे साधारण दोन प्रकारची कुलपं असतात. एक लिव्हरचं. त्यात पातळ पट्ट्या असतात. चावीची प्रत्येक खाच एकेक पट्टी ठरावीक उंचीपर्यंत उचलते. सगळ्या पट्ट्या बरोबर उंचीवर आल्या की दांडी सरकते. म्हणून जास्त लिव्हरचं कुलूप उघडायला जास्त अवघड. १८९७ साली अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना सुरू केला, तेव्हापासून ‘किती लिव्हरचं?’ हा प्रश्न आपल्याकडे दुकानात विचारला जातो.

दुसरं पिनचं. दाराच्या लॅचमध्ये गोल तोंडाचं जे सिलिंडर दिसतं ते हेच. आत स्प्रिंगवर बसलेल्या पिना असतात आणि योग्य चावी त्यांना एका रेषेत आणते. अमेरिकेच्या लायनस येल ज्युनियर यांनी १८६० च्या दशकात याचं आजचं रूप घडवलं.

आता कामाची गोष्ट. टांगतं कुलूप असेल तर सरळ नवं घ्या. पण दारात बसवलेलं सिलिंडरचं कुलूप असेल, तर बऱ्याचदा फक्त सिलिंडर बदलून भागतं. दाराच्या कडेला एक लांब स्क्रू असतो, तो काढला की सिलिंडर बाहेर येतं. जुनं सिलिंडर दुकानात नेऊन त्याच मापाचं नवं आणायचं. हँडल, लॅच, दार सगळं तेच राहतं.

नवं कुलूप आणताना कोयंड्याकडेही बघा. पेपरातल्या घरफोडीच्या बातम्यांमध्ये एक ठरलेलं वाक्य असतं: ‘कडीकोयंडा तोडून चोरट्यांनी आत प्रवेश केला.’ चोराला कुलपाशी झटापट करायची गरजच पडत नाही. सात लिव्हरचं महागडं कुलूप अर्ध्या इंचाच्या दोन स्क्रूंवर लटकत असेल, तर तो पहार घालून कोयंडाच उचकटतो. कोयंड्याला आरपार जाणारे बोल्ट हवेत, आतून नट हवा आणि दार बंद असताना ते बोल्ट बाहेरून फिरवता येऊ नयेत. हा खर्च नव्या कुलपापेक्षा कमी आणि फायदा जास्त.

चावीवाला निवडताना

डुप्लिकेट चावी ओळखीच्या, दुकान असलेल्या माणसाकडून करून घ्या आणि शक्यतो समोर उभं राहून. दारोदार ‘कुलूप-चावी रिपेअर’ म्हणत फिरणाऱ्याला घरातलं कपाट दाखवू नका. चावी बनवून देण्याच्या बहाण्याने दागिने लंपास झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात वारंवार येतात. पद्धत ठरलेली: चावी अडकली असं सांगायचं, तेल किंवा गरम पाणी आणायला घरच्यांना आत पाठवायचं, तेवढ्यात हात मारायचा आणि ‘कपाट आता लगेच उघडू नका’ असं बजावून निघून जायचं. लगेच उघडू नका म्हणणाऱ्यासमोर कपाट लगेच उघडा.

सापडलेल्या चावीचा फोटो ग्रुपवर टाकू नका

‘कळंब नाक्यावर चावी सापडली आहे, कुणाची असेल तर संपर्क करा’ आणि खाली चावीचा स्पष्ट फोटो. हेतू चांगला असतो, पण यात दोन घोटाळे आहेत.

एक, फोटोवरून चावी बनवता येते. २००८ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो केंद्रातल्या संगणकतज्ज्ञांनी हे करून दाखवलं. सुमारे १९५ फुटांवरून, इमारतीच्या छतावरून काढलेल्या फोटोतून त्यांनी चावीच्या खाचा मोजल्या आणि चालणारी चावी तयार केली. पुढे २०१४ मध्ये एका अमेरिकी दैनिकाने विमानतळावरच्या तपासनिसांकडच्या मास्टर चाव्यांचा फोटो छापला. २०१५ मध्ये त्यावरून थ्रीडी प्रिंटरवर चाव्या छापून निघाल्या. मालकाला ओळखता येईल असा फोटो चोरालाही पुरतो.

दोन, फोटो बघून कुणीही ‘माझीच’ म्हणू शकतं. म्हणून फोटो न टाकता फक्त ‘चावी सापडली आहे, खूण सांगून घेऊन जा’ एवढंच लिहा. किचेन कसलं, किती चाव्या, दोरा कुठल्या रंगाचा, हे मागणाऱ्याने सांगायचं. कुणी नाही आलं तर पोलिसांकडे जमा करा.

हरवणाऱ्यानेही पोस्ट टाकताना घराचा पत्ता किंवा ‘घरी कुणी नाही, बाहेर अडकलोय’ असं लिहू नये. फोन नंबर पुरतो. गावाला गेल्याचे फोटो परत आल्यावर टाकले तरी लाइक तेवढेच मिळतात.

डुप्लिकेट चावी असून उपयोग नाही, ती चालली पाहिजे

पुरीच्या जगन्नाथ मंदिराच्या रत्नभांडाराची गोष्ट इथे उपयोगी आहे. २०१८ मध्ये आतल्या दालनाची चावी सापडत नसल्याचं उघड झालं आणि देशभर गाजावाजा झाला. न्यायालयीन चौकशी नेमली गेली. मग जिल्हाधिकारी कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये एका पाकिटात डुप्लिकेट चाव्या मिळाल्या. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. प्रत्यक्षात १४ जुलै २०२४ रोजी दालन उघडायला गेले, तेव्हा त्या चाव्यांनी कुलपं उघडलीच नाहीत. शेवटी ती तोडावी लागली.

घराघरांत हेच होतं. डबीत ठेवलेली डुप्लिकेट चावी कधीच लावून पाहिलेली नसते, किंवा ती आधीच्या कुलपाची असते. कर्जत-खालापूर पट्ट्यातला पाऊस तर कुलपाचा वैरी आहे. चार महिने ओल खाऊन लिव्हर गंजतात. म्हणून पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या सफाईत, वर्षातून दोनदा प्रत्येक डुप्लिकेट चावी लावून बघा. कुलपात खोबरेल तेल ओतू नका, त्याला धूळ चिकटून चिखल होतो. पेन्सिलीच्या शिशाची पूड बरी.

चावी ठेवायची कुठे? तुळशी वृंदावनात, कुंडीखाली, चौकटीवर, मीटरच्या पेटीत, पायपुसण्याखाली नको. या जागा जशा तुम्हाला सुचल्या तशा चोरालाही सुचतात. चावी माणसाकडे ठेवा: समोरच्या काकूंकडे, दुसऱ्या आळीतल्या आत्याकडे. आणि ती कुणाकडे आहे हे घरातल्या दोघांना तरी माहीत हवं.

बंद घरांचा पट्टा

नेरळ, कळंब, कशेळे, कर्जत या भागात दोन प्रकारची घरं दीर्घकाळ बंद असतात आणि दोघांची काळजी वेगळी आहे.

एक, मुंबई-ठाण्याच्या लोकांची फार्महाऊस आणि सेकंड होम, जी सोमवार ते शुक्रवार बंद असतात. इथे चावी हरवण्यापेक्षा चाव्या किती झाल्यात याचाच पत्ता नसतो. राखणदार, माळी, प्लंबर, आधीचा भाडेकरू, एजंट. चाव्यांची संख्या वहीत लिहा आणि माणूस बदलला की सिलिंडर बदला. त्यात जुन्या माणसावर संशय नाही, उलट पुढे काही झालं तर त्याच्यावर आळ येत नाही. डिजिटल लॉक बसवलं असेल तर बॅटरी आणि साध्या चावीची सोय बघा. वाय-फायवरचा कॅमेराही पावसात लाईट गेली की डोळे मिटतो.

दुसरी घरं वाड्यांवरची. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तोवर घराला साधं कुलूप. आत सोनंनाणं नसतं, पण एका पत्र्याच्या पेटीत रेशन कार्ड, जातीचा दाखला, बँकेचं पासबुक, पोरांचे शाळेचे दाखले असतात. ही पेटी गेली तर ते कागद पुन्हा मिळवायला तालुक्याच्या खेपा आणि बुडालेली मजुरी. अशा कुटुंबांसाठी सगळ्यात स्वस्त सुरक्षा म्हणजे सगळ्या कागदांच्या झेरॉक्स दुसऱ्या घरी ठेवणं आणि जमेल तेवढे कागद मोबाईलवर डिजिलॉकरमध्ये घेणं.

विमा आणि लॉकरबद्दलचे दोन गैरसमज

‘घराचा विमा आहे, चोरी झाली तरी चिंता नाही’ हा पहिला. १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत आग, पूर, भूकंप यांसारखी संकटं येतात. चोरीची भरपाई मिळते ती अशा संकटामुळे आणि त्यानंतर ७ दिवसांच्या आत झालेल्या चोरीची. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. पॉलिसीत ‘बर्गलरी’ हा शब्द आहे का, ते बघून घ्या.

दुसरा बँक लॉकरचा. लॉकरची चावी हरवली तर बँकेला लगेच लेखी कळवायचं. बँकेकडे तुमच्या चावीची डुप्लिकेट नसते. सहसा कुलूप ड्रिल करून उघडलं जातं आणि खर्च ग्राहकाचा. शिवाय १ जानेवारी २०२२ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, लॉकरमध्ये चोरी किंवा आग बँकेच्या चुकीमुळे झाली तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या १०० पटींपर्यंतच असते. आत किती किमतीचं सोनं आहे यावर ती ठरत नाही.

थोडक्यात

किचेनवर नाव, पत्ता, फ्लॅट नंबर लिहू नका. चावी आणि पाकीट एकाच खिशात ठेवू नका. डुप्लिकेट माणसाकडे ठेवा आणि वर्षातून दोनदा लावून बघा. चावी हरवली की ती पत्त्यासकट हरवली का, हे आधी ठरवा. पत्त्यासकट गेली असेल तर दुसऱ्या दिवशी कुलूप बदला. नुसतीच गेली असेल तर शेजारच्या काकूंकडची चावी घ्या, घरात जा, कपडे बदला आणि झोपा.